म्हशी हलवण्याचा अर्ज

माझ्या तिघा नातवंडांनो,

मे महिन्यात तुम्ही याल तेव्हा समोरच्या घराला कुलूप दिसेल. सिस्टरआजी गेल्या हे तुमच्या आईने तुम्हाला सांगितलं आहे. मोटरसायकलचा धक्का लागला, खुब्याचं हाड मोडलं, पुढे न्युमोनिया झाला, एवढं मी तिला फोनवर सांगितलं होतं. ते खरं आहे, पण पुरं नाही. मागच्या महिन्यात आपल्या रस्त्याबद्दल बैठक झाली. तिथे एक जुना कागद वाचला गेला आणि मला उभं राहावं लागलं. तिथे मी जे बोलले ते तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळू नये, म्हणून आता लिहिते आहे.

तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो हे मला माहीत आहे. इंग्रजीत लिहिणं मलाही सोपं गेलं असतं. पण तो कागद इंग्रजीत होता, आणि तो लिहिताना मला फारच सोपं गेलं होतं.

आपल्या कोपऱ्यावर म्हशी यायच्या हे थोरलीला आठवत असेल. धाकट्यांसाठी सांगते. कोल्हापुरात संध्याकाळी गवळी म्हशी घेऊन चौकात येतात, गिऱ्हाइकासमोर धार काढतात आणि फेसासकट दुधाचा ग्लास हातात देतात. आपल्या कोपऱ्यावर पाच म्हशी असत. धुतलेल्या, शिंगांना तेल लावलेल्या. फूटपाथ त्यांनी व्यापलेलाच असे, शिवाय गिऱ्हाइकं धरून अर्धा रस्ताही अडे. हा रस्ता कसबा बावड्याकडे, साखर कारखान्याकडे जातो. हंगामात उसाचे ट्रॅक्टर मागे दोन-दोन ट्रॉल्या लावून, मोठ्याने गाणी वाजवत येत, आणि कोपऱ्यावर आले की गाणं तसंच चालू ठेवून माणसाच्या चालीने पुढे सरकत. हॉर्न कुणी देत नसे. नवखा कुणी दिलाच, तर ग्लास हातात धरलेला एखादा म्हणे, "पावणं, एवढी घाई हाय तर काल निघायचं की."

सिस्टर त्या गिऱ्हाइकांतल्या. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स, म्हणून सगळी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणे. साडेपाचला त्यांच्या फाटकाची कडी वाजायची. रस्ता ओलांडताना त्या डावीउजवीकडे बघतही नसत, कारण म्हशींमुळे सगळं थांबलेलंच असे. कोपऱ्यावर उभ्याने अर्धा ग्लास दूध पीत, ओठावरचा फेस पदराने पुसत आणि मग आपल्या व्हरांड्यात येऊन बसत. बुद्धपौर्णिमेला त्यांच्याकडून येणारी खीर तुम्ही खाल्ली आहे.

मला शेण सहन होत नसे. तो कागद लिहिण्याचं खरं कारण एवढंच होतं. त्या वर्षी मी तुमच्याकडे तीन महिने राहून आले होते. तिथले रुंद, धुतल्यासारखे फूटपाथ, थांबून मला वाट देणाऱ्या मोटारी, हे सगळं डोक्यात घेऊन परतले, आणि पहिल्याच संध्याकाळी माझी नवी चप्पल शेणात गेली. आठवड्याच्या आत मी महापालिकेला अर्ज टाइप केला. मुद्दे क्रमाने घातले. फूटपाथ पादचाऱ्यांसाठी मोकळा करावा, जनावरे हटवावीत, वाहतूक विनाअडथळा चालावी. खाली 'रहिवासी' असं लिहिलं आणि घरोघरी जाऊन सह्या घेतल्या. इंग्रजी असल्यामुळे बहुतेकांनी न वाचताच सही केली. मला ते सोयीचं वाटलं.

सिस्टरांनी मात्र चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला.

"काय मॅडम, इंग्रजीत म्हशी हाकलणार व्हय?"

"अहो, फूटपाथ आपल्यासाठीच असतो. तुम्हालाच चालायला बरं."

"मला म्हशीच बऱ्या. त्या हायत तवर गाड्या थांबत्यात. त्या गेल्यावर मला गाड्या कोण थांबवून देणार, तुमचं हे पत्र?"

मी हसले. म्हणाले, "सही नको तर नको. दूध बंद झाल्यावर माझ्याशी भांडायला येऊ नका."

"येणार की. रोज साडेपाचला येणार," त्या म्हणाल्या आणि कागद पुन्हा नीट घडी घालून परत दिला.

काम माझ्या अंदाजापेक्षा लवकर झालं. गवळ्याला पुढच्या चौकात जागा दाखवली गेली. शेवटच्या संध्याकाळी तो आपल्या फाटकाशी आला.

"आक्का, हितनं जावा म्हणत्यात. कुणी लिवून दिलंय, काय कळंना."

"पुष्कळ जणांच्या सह्या आहेत म्हणे," मी म्हणाले.

"आसंल. आज तरी एक गलास घ्या माझ्या हातचा."

इतकी वर्षं मी त्या कोपऱ्यावर कधी दूध प्याले नव्हते. त्या दिवशी प्याले. दूध कोमट होतं, आणि तो समोर उभा राहून माझा ग्लास रिकामा व्हायची वाट बघत होता.

पुढे जे झालं ते मी व्हरांड्यातून रोज पाहिलं. म्हशी गेल्या, तरी पंधरा-वीस दिवस गाड्या त्या जागी हळू होत राहिल्या. ट्रॅक्टरवाले वेग कमी करत, रिक्षा किंचित उजवीकडून वळसा घेत. समोर काहीच नसे. ती सगळी माणसं नसलेल्या जनावरांना वाट देत होती. मला तेव्हा गंमत वाटली होती. आता डोळे मिटले की तेच आधी दिसतं. मग हळूहळू वळसा कमी झाला आणि एक दिवस तो राहिलाच नाही.

फूटपाथ झाला. लाल-करडे पेव्हिंग ब्लॉक, नीट ओळीत. महिन्याभरात त्याच्यावर दुचाक्या उभ्या राहू लागल्या, त्यांच्यामागे एक नारळपाण्याची गाडी आली, आणि चालणारी माणसं रस्त्याच्या कडेने चालू लागली. पुढच्या चौकापर्यंत चालणं सिस्टरांना जमेना. त्यांनी दूध सोडलं. पण साडेपाचला त्या येत, आता थेट माझ्याकडे चहाला. रस्त्याच्या मध्यावर हात वर करून थांबत, आणि आल्या की म्हणत, "पोचले बघा, तुमच्या पत्राशिवाय."

त्या दिवशी मी आत चहा गाळत होते. कडी वाजलेली ऐकली. नंतर रस्त्यावर धातू घासत जावा तसा आवाज आला. बाहेर आले तर सिस्टर कुशीवर पडल्या होत्या आणि मोटरसायकलवाला त्यांचं डोकं हातावर धरून खाली बसला होता. जवळच्या गडमुडशिंगी गावचा माणूस, कामावरून घरी निघालेला. पळून गेला नाही. "काकी दिसल्याच न्हाईत ओ," एवढंच तो म्हणत राहिला.

दवाखान्यात मी रोज जात होते. सिस्टर तिथल्या नर्सना सुई कशी धरावी ते शिकवत, जेवणाला नावं ठेवत. त्या पत्राचा विषय त्यांनी एकदाही काढला नाही. मी वाट पाहत असे. तेविसाव्या दिवशी वाट पाहण्यासारखं काही राहिलं नाही.

तेव्हापासून साडेपाचला मला कडी ऐकू येते. कान तपासून घेतले, कान ठीक आहेत. समोर कुलूप आहे हे दिसत असतं, तरी मी उठते आणि दोन कपांचं आधण ठेवते.

आता बैठकीचं. गल्लीने कोपऱ्यावर गतिरोधक मागितला होता, म्हणून वॉर्डातला तरुण इंजिनिअर शाळेच्या हॉलमध्ये सगळ्यांचं म्हणणं ऐकायला आला. कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार आधी उठला. "घाला स्पीडब्रेकर. पण माझ्या दारात नको. ट्रॉल्या आदळत्यात, मला झोप न्हाय."

"मग कुठं घालायचा, गगनबावड्याला?" मागून एक बाई म्हणाली.

"तुमच्या दारात घाला की."

"घाला. माझी सासू त्याच्यावर बसून भाजी निवडंल."

लोक हसले. एकाने म्हशीच परत आणायची सूचना केली. गवळी मागे भिंतीला टेकून उभा होता, तो म्हणाला, "तिकडं रुळल्या त्या. तुमच्या मर्जीनं जनावर किती डाव हलवायचं?"

इंजिनिअरने फाइल उघडली. "माझी अडचण ऐका. तुम्हीच लिहून दिलंय की वाहतूक विनाअडथळा चालावी. आता तुम्हीच अडथळा मागताय. वर मी काय सांगू?" आणि त्याने माझा अर्ज वाचून दाखवला, आधी इंग्रजीत, मग मराठीत. मराठीत तो मी पहिल्यांदाच ऐकत होते.

कुणाला आपण सही केल्याचं आठवेना, कागद कुणी फिरवला होता तेही नाही. दुकानदार म्हणाला, "आमाला कुठलं एवढं इंग्रजी? त्या सिस्टरच असले कागद लिवायच्या. त्यांनीच लिवलं असणार. स्वतःच म्हशी घालवल्या आणि स्वतःच..." त्याने वाक्य पुरं केलं नाही. दोन-तीन माना हलल्या. कुणी वाईट बुद्धीने बोलत नव्हतं. गेलेल्या माणसावर टाकलं की सगळ्यांचंच सुटतं.

मी गप्प बसले असते तर ते तसंच राहिलं असतं. हे मी तुम्हाला लपवणार नाही, थोडा वेळ मी बसूनच होते.

मग उठले. "ते पत्र माझं आहे. टाइपही मीच केलं. सिस्टरांनी सही करायला नकार दिला होता. सह्या बघून घ्या."

इंजिनिअरने बोट फिरवत सगळ्या सह्या पाहिल्या; सिस्टरांची त्यात नव्हती. गवळी माझ्याकडे बघत होता.

"आक्का, तुमी?" तो म्हणाला. तेवढंच, आणि बाहेर पडला.

मी तिथल्याच टेबलावर कागद मागून घेतला आणि हाताने, मराठीत लिहिलं: मागील अर्ज मी चुकीचा केला होता. या कोपऱ्यावर वाहनांना अडथळा हवा आहे. खाली माझं पूर्ण नाव घातलं. या वेळी लोकांनी वाचून सह्या केल्या, त्यामुळे बराच वेळ लागला. दुकानदाराने शेवटी केली, आणि आपल्या दारात चालेल असं कंसात लिहिलं.

मला हलकं वाटलं असं तुम्हाला वाटेल. तसं झालं नाही. दुसऱ्या दिवशी साडेपाचला कडी वाजलीच. गवळी पुढच्या चौकात भेटतो, पण बोलत नाही, आणि त्याने बोलावं असं मी म्हणणार नाही.

गतिरोधक मागच्या आठवड्यात झाला. दुसऱ्याच दिवशी एका ट्रॅक्टरने त्याची एक कड दाबली. बाकीचा शाबूत आहे, आणि गाड्या तिथे हळू होतात.