सोडून गेलेल्या अठ्ठेचाळीस जणी

शाळेची दप्तरं शिवणाऱ्या त्या कारखान्यात एकोणतीस वर्षं हजेरी लिहिणाऱ्या बाईला सगळे टक्केमावशी म्हणत. का, ते काय विचारता? सुनेनं भाजी वाढली की ही म्हणणार, "मीठ दहा टक्के जास्त." सून म्हणायची, "आई, आधी जेवा, हिशेब मागाहून."

कारखान्यात मात्र तिच्या टक्क्यांना हसायची कोणाची टाप नव्हती. शेकडा किती माणसं सोडून जातात, हे वर्षअखेरीला तीच काढून द्यायची. वर्षाच्या सुरुवातीची माणसं आणि शेवटची माणसं, दोन्हींची सरासरी काढायची. सोडून गेलेल्यांच्या आकड्याला त्या सरासरीनं भागायचं, शंभरानं गुणायचं. शिलाईत सुरुवातीला एकशे अठरा बायका, शेवटी एकशे बावीस. सरासरी एकशे वीस, गेल्या अठ्ठेचाळीस. चाळीस टक्के! सुबक अक्षरात लिहून तिनं कागद वर पाठवला आणि निवांत चहा प्यायली.

नव्या मॅनेजरनं तिला बोलावलंच. "शंभरातल्या चाळीस पळतात? मग शिलाई विभाग ठेवायचा कशाला? सोमवारी कंत्राटदाराला बोलावतो, काम बाहेर देऊन टाकू."

मावशीनं कागद पुन्हा जवळ ओढला. एकशे बावीस जणींची रोजीरोटी जाणार, आणि तीही हिच्याच आकड्यानं! बरं, आकडा तर दोनदा पडताळलेला.

जेवणाच्या सुट्टीत ती तडक बायकांत जाऊन उभी राहिली. "काय गं, का पळता सारख्या? यंदा राजीनामा कोणी कोणी दिला?"

"अहो, देतोच की!" पट्टेवाली म्हणाली. ही दप्तरांचे पट्टे शिवायची, आणि तोंडाची पट्टी तिला ठाऊकच नव्हती. "लांबची रजा देत नाही तुमचा कारखाना. लेकीचं बाळंतपण आलं, सासू आजारी पडली, तर करायचं काय? राजीनामा टाकायचा, घरचं उरकलं की नवीन म्हणून परत यायचं. बिल्ला तुम्हीच तर काढून घेता!"

"यंदा जाऊन परत आलेल्यांनी हात वर करा बरं."

मावशीनं हात मोजले. बेचाळीस.

तिनं कपाळावर हात मारून घेतला. राजीनामा आला की 'गेली', माणूस आलं की 'नवी', असा नियम, आणि ही नियमाची पक्की. ओळखीचं तोंड हजेरीच्या खिडकीत हसतंय आणि ही बया त्याला 'नवी' लिहितेय, एकोणतीस वर्षं! काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

दर भरतीला नवं निघणाऱ्या कार्डांचा खोका घेऊन ती मॅनेजरसमोर गेली. "साहेब, गेल्या त्या सहाच. पाच टक्के."

"सकाळी चाळीस, दुपारी पाच? मावशी, संध्याकाळपर्यंत शून्यावर याल!"

तिनं टेबलावर सात कार्डं मांडली. पहिल्यावरच्या फोटोत दोन वेण्या, चौथ्यावर अंबाडा, सातव्यावर चष्मा. सातही पट्टेवालीची. "ही सहादा सोडून गेली आणि सहादा इथंच परत आली. तेवीस वर्षं झाली, कागदावर अजून शिकाऊ उमेदवार! लिहिताना चुकले मी, साहेब. शिक्षा त्यांना नको. बदलायचाच तर रजेचा नियम बदला."

मॅनेजर आधी खो खो हसला. मग बाह्या सरसावून त्यानं बेचाळीस जणींची कार्डं स्वतः लावून पाहिली. संध्याकाळी कंत्राटदाराला नकार गेला, आणि तीन महिन्यांच्या रजेचा कागद मावशीनं तिथल्या तिथं सही करून घेतला. उद्यावर टाकायला ती काय दूधखुळी होती?

सोमवारी पट्टेवाली खिडकीशी आली. धाकटीचे दिवस भरत आले होते. सवयीनं तिनं बिल्ला काढून ठेवला. "घ्या. निघाले."

मावशीनं तो परत सरकवला. "ठेव तुझ्याकडे."

"म्हणजे?"

"म्हणजे तू सोडून चालली नाहीस. रजेवर चाललीस."

डोळे पुसून पट्टेवालीनं बिल्ला पुन्हा खांद्याशी टोचला, आणि तो तसाच लावून लेकीच्या गावी गेली.