बाभळीचे दोन ठोकळे

करडईच्या तेलाचा वास आला की मला नांदेडचं ते गॅरेज आठवतं, जिथे आमची जुनी जीप एका प्रदर्शनासाठी दुरुस्तीला चार महिने सुटी होऊन पडली होती. एका दुपारी मी गेले तर मेकॅनिक क्लच-ब्रेकला नवे पेडल बसवत होता आणि जुने, आईच्या ठोकळ्यांसकट, भंगाराच्या ड्रममध्ये पडले होते. आई ठेंगणी होती. शिरूर अनंतपाळला लोक म्हणायचे, बाईचे पाय पोचत नाहीत तर जीपला हात लावू नये. तिनं सुताराकडून बाभळीचे दोन ठोकळे करून घेतले, बोल्टांनी पेडलांवर आवळले आणि तुरीची पोती स्वतः जीप चालवत मोंढ्यावर विकायला नेली. दर दसऱ्याला स्टिअरिंगला हळदकुंकू वाहण्याआधी ती त्या ठोकळ्यांत करडईचं तेल जिरवायची. मी जुने पेडलच परत बसवायला सांगितले. “ताई, लाकूड कशाला? ओरिजनल माल आणलाय,” मेकॅनिक म्हणाला. सोबतचा भाऊ म्हणाला, “जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात लोक हसतील.” “हसू दे, आईलाबी हसलेच होते,” म्हणत मी ड्रममध्ये कोपरापर्यंत हात घातला आणि ते पेडल बाहेर काढले. “ह्या गाडीचं ओरिजनल हेच हाय. बसवा, न्हाईतर गाडी अशीच ओढून नेते.” मेकॅनिकनं पाना उचलला. मी आईपेक्षा वीतभर उंच आहे. अजूनही क्लचच्या ठोकळ्यावर पाय ठेवला की माझा गुडघा स्टिअरिंगवर आपटतो. आपटू दे.