पटकनची शिकवणी

कारखान्यात सगळे त्यांना कटरबाई म्हणत. शाळेच्या गणवेशाच्या कापडाचे चाळीस थर रचायचे, वर खडूने आखायचं आणि यंत्राचं पातं फिरवायचं, हे त्यांचं काम. हात जरा हलला की चाळीस पोरांचा एकेक पाय तोकडा! म्हणून बाई तीनतीनदा आखणी तपासत. मुकादम ओरडे, "बाई, चड्डी शिवायचीय, पुतळा घडवायचा नाहीये!" बाई ढिम्म.

लेकीच्या बाबतीत मात्र त्यांना दम धरवत नसे. तिसरीतली ही पोर पेपर अर्धाच सोडवायची. सोडवलेलं सगळं बरोबर. शाळेने कळवलं, शनिवारी समुपदेशक ताई तिला तपासतील; मग चौथीत पाठवायचं की नाही ते ठरेल. आठवडाभर भाजी चिरता चिरता शिकवणी.

"सात आठे? पटकन!"

"थांब ना आई, मोजतेय."

"मोजू नकोस, सांग!"

नवरा म्हणाला, "अगं, पोरगी आहे ती, दारावरची घंटा नाही!"

शनिवारी बाई पोरांच्या बाकावर गुडघे हनुवटीला लावून बसल्या. कागदावर वर एक छत्री, खाली सहा; हुबेहूब तीच शोधायची. लेकीने आईकडे पाहिलं. आईने भुवया उडवल्या.

"दुसरी!" चूक. "पाचवी!" चूक.

"इतकी घाई कशाला गं?" ताईंनी विचारलं.

"आई म्हणते, विचार करत बसू नको."

बाईंना तोंड कुठे लपवू असं झालं. ताईंनी त्यांना भिंतीकडे तोंड करून बसवलं. बाईंनी रुमाल पिळून पिळून त्याची दोरी केली. वेळ संपला तेव्हा दहांतली तीनच चित्रं झाली होती, पण तिन्ही अचूक.

"जादा वेळ दिला तर चौथीत जाईल ही," ताई म्हणाल्या आणि त्यांनी दोन अर्ज पुढ्यात ठेवले. "एक वर पाठवण्याचा, एक मागे ठेवण्याचा. नीट वाचून एकावर सही करा."

बाईंच्या कानात 'चौथीत' एवढंच शिरलं. त्यांनी हाताला लागलेल्या कागदावर झोकात सही ठोकली.

लेक मात्र एकेक अक्षर लावत होती. "आई, हा तिसरीतच ठेवायचा आहे."

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. ताईंनी हसत तो कागद फाडला आणि दुसरा पुढे सरकवला. लेकीने तो ओढून घेतला. बाईंनी पेन हवेतच धरून ठेवलं.

"करू का गं सही?"

"थांब. पाठीमागेही लिहिलंय काहीतरी."