पेशींची बोली

गार! माझ्या मुठीत मावणारे ते पाऊल इतके गार लागले की मी ते पटकन दोन्ही तळव्यांत झाकले. दिवस भरण्याआधीच जन्मलेली माझी भाची, लाखनीतल्या आमच्या घरात, पौषाच्या कोवळ्या उन्हातही निपचित पडली होती. सकाळपासून तिने दुधाला तोंड लावले नव्हते. "ताई, इले धर न जराशी. हातपाय थंडे पडून राहिले तिचे," रात्रभर तिला उराशी घेऊन बसलेली धाकटी बहीण म्हणाली आणि आतल्या खोलीत अंग टाकताच तिचा डोळा लागला. आरोग्य केंद्राच्या आशाताई बजावून गेल्या होत्या, अंगाला अंग लावून धरा. तरी ऊब आली नाही, प्याली नाही, तर लगेच भंडाऱ्याच्या मोठ्या दवाखान्यात न्या.

मी तिला उघड्या छातीवर घेतले आणि वरून शाल ओढली. मला मूलबाळ नाही. शाळेत मात्र शरीराच्या समतोलाचा धडा इतकी वर्षे शिकवते आहे की फळाही कंटाळला असेल. आज तोच धडा माझ्या अंगावर श्वास घेत होता! केवढा कारभार या वीतभर देहात! कातडीने मेंदूला थंडीची वर्दी द्यायची, मेंदूने पावलांतल्या रक्तवाहिन्या आखडून ऊब काळजाकडे वळवायची, पाठीवरल्या पेशींनी आपली चरबी जाळून देह तापवायचा. ना मुकादम, ना आरडाओरड; एक पेशी रसायनाचा कण सोडते, दुसरी तो ओळखते आणि कामाला लागते. एका घरातल्या चार माणसांना तरी हे जमते का? पण हिच्याजवळ ती चरबीच पुरेशी नव्हती. शहाणपण होते, सरपण नव्हते. मला भीती वाटत होती, साधी भीती.

महामार्गावरून ट्रक जात राहिले. हळूहळू पाऊल कोमट झाले. मग तिने मान हलवली आणि ती माझ्या कोरड्या छातीवर तोंडाने काही शोधू लागली. पत्ता चुकला, बाई! मला हसू आले आणि रडूही. काही मिळेना तेव्हा ती रडली, चांगली खणखणीत.

आतून बहीण धडपडत आली. तिचे पोलके भिजले होते. त्या रडण्याने झोपेतच पान्हा फुटला होता. कानाने ऐकले, मेंदूने सांगितले, रक्ताने निरोप पोचवला, आणि तिला स्वतःला मात्र तेव्हा अजून जाग यायची होती! "आण इकडं. भूक लागली माह्या पोरीले."

मी लेक तिच्या ओटीत दिली. ती पिऊ लागली. माझ्या छातीवर तिच्या गालाएवढी घामाची ओल राहिली होती. ती पुसावीशी वाटली नाही.