आता सांगायला कंपनी नाही

मंडळी, संगमनेरजवळच्या आमच्या दूध डेअरीचा, दुधाची नोंद ठेवणारा संगणक प्रोग्राम मी ज्या प्रोग्रामिंग भाषेत लिहिला, ती एका कंपनीच्या मालकीची होती. आज कंपनीने त्या भाषेचा सोर्स कोड, म्हणजे आजवर बंद ठेवलेली तिची आतली मूळ रचना, सर्वांसाठी खुला केला. मी आनंदाने डेअरीत सांगितलं.

ऐन गर्दीत आमचा प्रोग्राम अडकतो, दुधाच्या किटल्या रांगेत खोळंबतात. दोष भाषेत आहे, तो कंपनीच काढेल, असं मी दरवेळी सांगायचो.

दूध मोजणारे भाऊसाहेब म्हणाले, "उघडलं ना कुलूप? मंग आता कर की दुरुस्त. का आजून कंपनीलाच इचारायचं हाय?"

"बघतो, भाऊसाहेब."

तेव्हापासून तो कोड उघडून बसलो आहे. काही कळत नाही. सकाळी पुन्हा रांग लागेल. अशा कोडमध्ये तुमच्यापैकी कुणी शिरलं आहे का? सुरुवात कुठून करू?