चाळिशीच्या आदल्या दिवशी

अफझलगंजात हिम्मतरावांच्या ठोक कापडाच्या दुकानात संघपाल एकवीस वर्षं गाठी शिवत होता. दाभण आणि सुतळी, एवढीच त्याची विद्या. आधी हेच काम त्याचे वडील नागोराव करत. त्यांचे हात थरथरू लागले तेव्हा मालकांनी त्यांना घरी बसवलं. पुढची अकरा वर्षं नागोराव सुनेकडे विडीला पैसे मागताना भिंतीकडे बघत. संघपाल ते रोज पाहत होता.

म्हणून महापालिकेने खासगी नोकरांच्या पेन्शनसाठी जामबागेत तीन दिवसांचं शिबिर लावलं, तेव्हा त्याने मनाशी पक्कं केलं. अट एकच होती, वयाची चाळीस वर्षं पूर्ण झालेली नसावीत. त्याची शिबिर संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी पूर्ण होत होती. पहिले दोन दिवस दुकानातून सुटकाच झाली नाही. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो धावत पोचला.

टेबलामागे अर्ज भरून घेणाऱ्या शिल्पा मॅडमनी पासबुक पाहिलं. "खात्याला जोडलेला हा नंबर तुमचा नाही."

"मालकांचा आहे. खातं त्यांनीच काढून दिलं."

"बदलायला बँक दोन दिवस घेईल. त्यांनाच फोन लावा. ओटीपी येईल तो सांगू द्या. स्पीकर चालू ठेवा."

"कुठं मेलास? ट्रक लागलाय," हिम्मतराव कडाडले.

"मालक, तुमच्या फोनवर सहा आकडे येतील. माझ्या पेन्शनचं आहे."

"पेन्शन? तू काय तहसीलदार लागून गेलास?" मागे कुणीतरी हसलं. "नक्को बाबा! आज पेन्शनवाले, उद्या पीएफवाले गादीवर येऊन बसतील."

"तुमचं नाव कुठंच नाही. पैसे माझ्याच खात्यातून कटणार."

शिल्पा मॅडमनी बटण दाबलं. पलीकडे टिंग वाजलं. टेबलापाशी दोघांनीही ते ऐकलं.

"काही आलं नाही," हिम्मतराव म्हणाले.

"आलं, मालक. आवाज आला."

"म्हणजे मी खोटा? नागोरावाचं पोर मला शिकवणार?" फोन बंद झाला. पुन्हा लावला तर उचललाच नाही.

"साडेपाचपर्यंत मी इथं आहे," शिल्पा मॅडम हळूच म्हणाल्या. "समोर उभं राहून मागा. मला फोन करा, मी पुन्हा पाठवते."

तो दुकानात गेला आणि हात जोडून उभा राहिला. हिम्मतरावांनी मान वर केली नाही. "आधी गाठी शीव. मग बघू."

'मग बघू' म्हणजे नकार नव्हे, असं धरून संघपाल बसला. चोवीस गाठी होत्या. एरवी सातपर्यंत चालणारं काम त्याने सव्वापाचला उरकलं. दोन ठिकाणी दाभण बोटात गेलं. मान वर केली तर गादी रिकामी होती.

"मालक?"

"कधीच गेले तारनाक्याला, लेकीकडे," मुनीम म्हणाला.

फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. साडेपाच वाजून गेले तेव्हा त्याने लावणं थांबवलं.

घरी बायको गीताने दारातच विचारलं, "झालं का हो काम?"

"झालं," संघपाल म्हणाला, आणि हात धुवायला मोरीकडे वळला.