तीन मैलांची दुसरी बाजू

दुपारपासून मनातनं जात नाही, म्हणून इथं लिहितेय. आज मी नातीवर उगाच खेकसले.

नववीतली पोर, गणितं सोडवत बसलेली. |x − 5| = 3. म्हणजे पाचपासून तीन अंतरावरची संख्या शोधायची. तिनं आठ लिहिलं आणि पुढच्या गणिताकडं वळली.

"दुसरीकडं पण बघ की!" मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की ती दचकलीच.

तिला काय सांगू? सत्तरच्या दशकातली गोष्ट. माझा थोरला भाऊ कोल्हापूरच्या आमच्या घरनं सायकलवरून नृसिंहवाडीला दर्शनाला गेलता. संध्याकाळी शेजारच्या दुकानात कुणा ट्रकवाल्याचा फोन आला. "पावणं, तुमचा पोरगा रस्त्याकडंला पडलाय. हातकणंगल्यापासनं तीन मैलांवर." तेवढ्यात लाईन तुटली.

आण्णा, म्हणजे माझे वडील, चार माणसं घेऊन निघाले. कोल्हापूरकडून जाताना हातकणंगल्याच्या तीन मैल अलीकडची जागा आधी लागते. तिथंच उतरले. उसात शिरून, हाका मारमारून शोधलं. दादा गावाच्या पलीकडं तीन मैलांवर होता. तिथं पोचले तेव्हा अंग गार पडलं होतं.

नंतर कधीही एसटी हातकणंगलं सोडून पुढं निघाली, की आण्णा खिडकीतून बघत पुटपुटायचे, "हितं कुणी हाकच मारली न्हाय गं."

नातीनं आठच्या खाली दोन लिहिलं. क्षणभरही वेळ लागला नाही तिला.

खरं सांगा, तुम्ही असता तर आधी कुठल्या बाजूला गेला असता?